चूल शेवटी निघाली

नदीच्या काठाला एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला कुंभाराचं घर. त्या घरात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. आईवडील गेल्यावर बहिणीनेच बापाचं काम हाती घेतलं आणि भावालाही तिनेच वाढवलं. बहीण शांत स्वभावाची होती. भाऊ उतावळा. दूध निवायच्या आत पिऊन टाकायचा आणि जीभ भाजली की दुधावर चिडायचा.

नदी दर पावसाळ्यात थोडा थोडा काठ खात होती. एका वर्षी तिने मडकी भाजायचा आवा नेला आणि घराच्या भिंतीला तडा पाडून ठेवला. हे घर पुढचा पावसाळा बघणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

घाटाच्या वर दुसरं गाव होतं. तिथली विहीर लांब खाली आणि पाणी साठवायला घरात धड भांडं नाही. तिथला पाटील एक दिवस खाली आला.

"पोरी, आमच्या गावात कुंभार नाही," तो म्हणाला. "तू ये. राहायला घर देतो, आव्याला जागा देतो. पण उन्हाळा तापायच्या आत घराघरात रांजण उभा राहिला पाहिजे. राहिला तर घर तुमचं. नाही तर मला दुसरा कुंभार शोधावा लागेल."

बहिणीने होकार दिला. हिवाळाभर तिने नदीची माती तुडवली आणि रांजण घडवले. उन्हात वाळवून ओळीने मांडून ठेवले. भाजायला आवाच उरला नव्हता, म्हणून ते कच्चेच वर न्यायचे आणि तिकडे नवा आवा रचून भाजायचे, असं ठरलं.

कच्चा रांजण नेणं सोपं नसतं. तो एकदा डोक्यावर चढला की वर पोहोचेपर्यंत खाली टेकवायचा नाही. वाटेत टेकवला आणि पुन्हा उचलला की बुडाशी तडकतो. म्हणून बहिणीने घाटातल्या वस्तीवरचे हमाल बोलावले. त्यांच्यात एक पिकल्या मिशांचा म्होरक्या होता. बाकीचे त्याच्या शब्दाबाहेर नव्हते.

आता त्या मुलखात एक रीत होती. घर हलवायचं तर चूल सगळ्यांत आधी निघायची. मातीची चूल उचलून नव्या घरी पाठवायची, मग बाकीचं सामान. चूल निघाली की घर निघालं, असं मानत. त्यामुळे हमालांना कोणी खायला घालत नसे. विचारलंच तर सगळ्यांकडे एकच उत्तर तयार असे, "देणार कुठून? चूल तर गेली." त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. हमालांनाही नाही.

निघायच्या दिवशी सकाळी भावाने चूल दोरीने बांधून दारात ठेवली. लाकडं शेजाऱ्यांना वाटून टाकली. पिठाच्या डब्यावर फडकं आवळलं. मग बहिणीला हाक मारली, "ताई, झालं सगळं. चल."

बहीण बाहेर आली. तिने दारात उभ्या असलेल्या हमालांकडे बघितलं आणि चुलीची दोरी सोडायला बसली.

"हे काय करतेस?"

"स्वयंपाक."

"आत्ता? चूल आधी निघते, ताई. सगळं गाव हसेल."

"हसू दे. आज चूल शेवटी निघेल. तू जा आणि वाटलेल्यातली थोडी लाकडं मागून आण."

"ह्यांना जेवायला घालणार? पोट भरलं की झोपतील हे. ऊन डोक्यावर येईल. एक रांजण फुटला तरी पाटील उभं करणार नाही आपल्याला."

बहिणीने चूल पुन्हा जागेवर ठेवली. "म्हणूनच तर," ती म्हणाली. "ओझं आपलं आहे ना? मग ते उचलणारं पोट आज आपलं."

भाऊ पाय आपटत लाकडं आणायला गेला.

बहिणीने भाकऱ्या थापल्या, पिठलं ढवळलं, कांदे फोडले, मीठ घालून ताक केलं. हमाल अंगणात अवघडून उभे होते. बसायचं कुठे, हेच त्यांना कळेना.

"जेवायला घालतायत म्हणजे ओझं भलतंच भारी असणार," एक जण कुजबुजला.

"मला तर वेगळीच काळजी," दुसरा म्हणाला. "घरी कळलं तर बायको म्हणेल, आता रोज त्यांच्याकडेच जेवा."

"गप बसा आणि हात धुवा," म्होरक्या म्हणाला. पण भाकरी त्याने स्वतः दोन्ही हातांनी घेतली. इतकी वर्षं त्याने लोकांच्या चुली डोक्यावरून वाहिल्या होत्या. कोणी त्याच्यासाठी चूल पेटवली, असं आज पहिल्यांदाच घडत होतं.

बहीण त्यांच्यातच खाली बसून जेवली. भावाला तिने ताट वाढलं. तो म्हणाला, "मला नको. मी जेवायला नाही, घर हलवायला उठलोय."

जेवण झालं आणि भाऊ म्हणाला होता तसंच झालं. हमाल पिंपळाखाली आडवे झाले. दोघे तर घोरायला लागले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं, पाहुणे मुक्कामालाच आलेत वाटतं?" भाऊ संतापाने लालबुंद झाला. बहीण भांडी घासत राहिली.

ऊन जरा कलल्यावर म्होरक्या उठला. त्याने एकेकाला हलवलं. हमालांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या आणि रांजण असे उचलले, जसं झोपलेलं मूल उचलावं. एक रांजण उरला. भावाने तो स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"उपाशी आहेस," बहीण म्हणाली. "दोन घास खा, मग घे."

"मला काही होत नाही."

सगळे चढू लागले. बहिणीने एका काखेत पाण्याची कळशी घेतली होती आणि पदरात गूळ बांधला होता. घाटात प्रत्येक वळणावर ती पुढे धावायची. हमालांचे दोन्ही हात रांजणाला लागलेले. ती टाचा उंचावून तांब्याने त्यांच्या तोंडात पाण्याची धार सोडायची आणि गुळाचा खडा भरवायची. ते चालता चालता गूळ चघळायचे. कोणालाही रांजण खाली टेकवावा लागला नाही. विसाव्याच्या दगडापाशी हमाल नेहमी थांबत. त्या दिवशी ते तिथे न थांबता पुढे गेले.

भावाजवळ ती आली की तो तोंड फिरवायचा.

माथा दिसू लागला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. म्होरक्या मागून ओरडला, पण त्याचे हात स्वतःच्या रांजणात गुंतलेले होते. भावाच्या डोक्यावरचा रांजण कलला, दगडावर आपटला आणि त्याची माती झाली.

बहिणीने कळशी खाली ठेवली, भावाला सावलीत बसवलं आणि आधी त्याला कुठे लागलं का ते बघितलं. मग त्याच्या तोंडात गूळ घातला. या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही.

वर पाटील वाट बघत उभा होता. त्याने रांजण बघितले. एकालाही तडा नव्हता. पण एक कमी होता.

"एका घरचा राहिला," पाटील म्हणाला.

भावाने मान खाली घातली. घर गेलं, असं त्याला वाटलं.

"राहिला खरा," बहीण शांतपणे म्हणाली. "तो आमच्या घरचा होता. आमचाच फुटला. गावातल्या घरांचे सगळे पोहोचले आहेत."

पाटलाने तिच्याकडे बघितलं, मग म्होरक्याकडे. म्होरक्या मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "घाट उभा आहे, पाटील. कच्चे रांजण इतके धड वर आलेले मी तरी बघितले नाहीत. चूल शेवटी ठेवणारी ही पहिलीच बाई."

घर त्यांचं झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ खाली गेला आणि सगळ्यांत शेवटी चूल घेऊन आला. आवा रचला गेला, रांजण भाजले गेले, सगळ्यांच्या घरी पाणी साठू लागलं. फक्त कुंभाराच्या घरी रांजण नव्हता. माती संपली होती आणि नदी खाली राहिली होती. तो उन्हाळाभर भाऊ विहिरीच्या खेपा घालत राहिला. बहिणीने त्याला त्या फुटलेल्या रांजणाबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. गावात कोणी विचारलं तर "आमच्याकडून फुटला" एवढंच म्हणायची. कोणाकडून, ते तिने कधीच सांगितलं नाही.

पुढे हमालांच्या वस्तीवर तिने स्वतःच्या हाताने नव्या चुली घडवून दिल्या. गावात कोणी घर हलवायला काढलं की ती जाऊन सांगायची, "चूल शेवटी काढा." हळूहळू लोक ऐकू लागले.

बहीण फार जगली नाही. एका पावसाळ्यात ताप आला आणि तिला घेऊन गेला.

तिला खांदा द्यायला ते हमालच आले. म्होरक्या आता वाकला होता, तरी त्याने खांदा द्यायची आपली जागा कोणाला दिली नाही. ते तिला असे घेऊन गेले की वाटेत एकदाही हिसका बसला नाही.

ज्या घरात माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही. दुसऱ्याच्या घरून अन्न येतं आणि दोन घास बळेबळे खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. संध्याकाळी हमालांच्या बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या. बहिणीने घडवलेल्या चुलींवरच ती रांधलेली होती. म्होरक्याने ताट भावापुढे सरकवलं.

"मला नको," भाऊ म्हणाला.

"त्या दिवशीही असंच म्हणाला होतास."

भाऊ विझलेल्या चुलीकडे बघत बसला.

"तुझ्या ताईने आम्हाला आधी घास दिला, मग ओझं दिलं," म्होरक्या म्हणाला. "आज तुझ्या डोक्यावर आहे ते रांजणापेक्षा जड आहे, पोरा. पुष्कळ लांब न्यायचंय. वाटेत खाली ठेवता येणार नाही. उपाशी उचललंस तर फुटेल."

भावाचा हात पुढे आला नाही. तेव्हा म्होरक्यानेच भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला, तिने घाटात गूळ भरवला होता तसा. भाऊ खूप वेळ तोंड मिटून होता. मग त्याने तो घास घेतला. रडत रडत चावला आणि गिळला.

मग त्याने ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी म्होरक्याच्या हातात दिली. "तुम्हीही सकाळपासून उपाशी आहात," तो म्हणाला. "ओझं माझं होतं."

त्या गावात अजूनही घर हलतं तेव्हा चूल शेवटी निघते.

तात्पर्य: आपलं ओझं जो डोक्यावर घेतो, त्याला ओझ्याच्या आधी घास द्यावा. आणि आपल्यावर ओझं आलं की कोणी दिलेला घास नाकारू नये.