पहिला फोटो देवीचा

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द घरच्यांसाठी वापरायचा. तसाच परका वागला की आपण त्याला सरळ मूर्ख म्हणतो. गावाचं नाव करंबेळे, माणसाचं नाव धाकू मांडवकर. तो अख्ख्या गावाच्या घरचाच, त्यामुळे चाळीस वर्षं भोळाच राहिला.

धाकूचे आईबाप तो लहान असतानाच गेले. त्याला भागाआत्याने वाढवलं. सांगितलेलं ऐकलं नाही, असं धाकूकडून कधी झालं नाही. तो सगळं ऐकायचा, ध्यानात ठेवायचा आणि जसंच्या तसं करायचा. फक्त एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी करायचा. मूर्खाला विसराळूपणा असता तर जगाचे निम्मे त्रास कमी झाले असते.

तर करंबेळ्याची देवी थोरली आणि नदीपलीकडच्या तळवटची देवी धाकटी, अशा त्या दोघी बहिणी. बारा वर्षांतून एकदा शिमग्यात दोघींच्या पालख्या नदीच्या वाळूत भेटतात. थोरली धाकटीला ओटी देते. ती ओटी तळवटच्या पेटाऱ्यात पडते आणि पेटाऱ्याला कुलूप लागतं. ते पुढच्या भेटीलाच उघडतं. भागाआत्याने अशा सहा भेटी पाहिल्या होत्या. सातवी आली तेव्हा तिचं वय एकोणऐंशी होतं, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती खाटेवर होती.

"मला कुणी उचलून नेऊ नका," आत्या म्हणाली. "फोटो तेवढा दाखवा. दोघी बहिणी समोरासमोर बघितल्या की माझे डोळे मिटायला मोकळे."

आता फोटो म्हटलं तर गावात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. पण आदल्या शिमग्यात पालखीचा एक भोई एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून नाचला आणि देवी गटारात जाता जाता वाचली. तेव्हा गावकीने ठराव केला की भेटीला मोबाइल बंद. एकच माणूस फोटो काढेल आणि तोही खऱ्या कॅमेऱ्याने. बाहेरचा फोटोवाला पालखीजवळ चालणार नाही. मग हा मान कुणाचा? यावर तीन बैठका झाल्या, दोन भांडणं झाली, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मांडवकरांच्या घराची निघाली.

"पण त्या घरात धाकूच आहे," कुणीतरी म्हणालं.

"मान घराचा असतो," गावकीचे प्रमुख गावकर म्हणाले. "घरात कोण आहे ते देवी बघून घेईल."

अशी काळजी गावाने देवीवर सोपवली आणि सगळे निवांत घरी गेले.

आत्याने आपल्या दोन शेळ्या विकून पैसे धाकूच्या हातात दिले. "लहानसा घे. शिकाऊ माणसाला जमेल असा. आणि बघून घे हो. कुठलीही वस्तू घेताना वाजवून बघावी, दाबून बघावी."

"हां, ध्यानात ठेवतो," धाकू म्हणाला. आणि त्याने ठेवलं.

चिपळुणात शिरगावकरांचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. शिरगावकर सज्जन माणूस. त्यांनी काचेच्या काउंटरवर तीन लहान कॅमेरे मांडले. "हे मिररलेस. यांच्या आत आरसा नसतो, म्हणून लहान आणि हलके."

"आरसा नाही तर तेवढे पैसे कमी करा," धाकू म्हणाला. मग त्याने पहिला कॅमेरा उचलला, कानाशी धरला आणि बोटाच्या पेरांनी टकटक वाजवला. दुसऱ्याची काच अंगठ्याने दाबली, पिकलाय का ते बघायला. तिसऱ्याच्या काचेवरचं झाकण काढून तो तीही दाबणार, तेवढ्यात शिरगावकरांनी त्याचा हात धरला.

"अहो, फणस आहे का तो! नाजूक वस्तूला असा हात लावायचा नाही. लांबूनच बघायचं. काचेला बोट नाही लावायचं. झाकण काढायचं नाही, धूळ बसते. कळलं?"

"हां, ध्यानात ठेवतो."

कॅमेरा राहिला. धाकू घरी आला. दुसऱ्या दिवशी आत्याने त्याला बाजारात मासे आणायला पाठवलं. धाकू पाटीपासून चार हात लांब उभा राहिला. हात मागे बांधले. मासेवाली म्हणाली, "घे रे, हात लावून बघ." धाकू म्हणाला, "नाजूक वस्तू आहे. लांबूनच दे." असं गिऱ्हाईक मासेवालीला जन्मात भेटलं नव्हतं. तिने परवाचे बांगडे पिशवीत घातले आणि वर दोन फुकट दिले.

आत्याने पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावला. "अरे मेल्या, मासा असा घेतात होय? उलटा करून बघायचा. गलफडं उघडायचं. आत लालभडक असेल तर ताजा, नाहीतर शिळा. पैसे मोजतोस तर आत बघितल्याशिवाय घ्यायचं नाही."

"हां, ध्यानात ठेवतो."

बुधवारी धाकू पुन्हा शिरगावकरांच्या दारात. म्हणाला, "आत उघडून दाखवा."

शिरगावकरांना वाटलं, गिऱ्हाईक सुधारलं, चौकशी करून आलं. त्यांनी कौतुकाने पुढची लेन्स फिरवून काढली आणि आतला सेन्सर दाखवला. धाकूने वाकून बघितलं. डोळा लावून बघितलं. मग मान हलवली.

"शिळा आहे."

"काय?"

"आत लाल नाही. दुसरा दाखवा."

दुसराही लाल नव्हता. धाकू दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना सांगू लागला, इथला माल शिळा आहे म्हणून. एक जोडपं तर खरंच उठून गेलं. शहरातही धाकूचे भाऊबंद असतात, फक्त त्यांच्या अंगावर कपडे बरे असतात.

शिरगावकरांनी घाम पुसला. "हे बघा मांडवकर, आतलं बितलं काही बघू नका. तुम्हाला पालखीबरोबर गर्दीत चालायचंय ना? मग वजन बघा. दोन हातांत दोन घ्या आणि जो हलका लागेल तो निवडा. जितका हलका तितका चांगला."

"हां, ध्यानात ठेवतो," धाकू म्हणाला आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून आला. घेतला नाहीच.

घरी आल्यावर आत्याने ओटीसाठी पाच नारळ आणायला सांगितलं. धाकूने दुकानातल्या ढिगातले सगळे नारळ दोन-दोन करून हातांत तोलले आणि त्यातले सगळ्यात हलके पाच आणले. आत्याने एक फोडला. आत पाण्याचा थेंब नाही आणि खोबरं करवंटी सोडून सुकलेलं. दुकानदार वर्षभर ते कुणाच्या गळ्यात मारायचे याच विवंचनेत होता.

"देवीला सुके नारळ देणार तू?" आत्याने कपाळावर हात मारला. "नारळ जड बघून घ्यायचा रे बाबा! कानाशी हलवायचा. आत पाणी वाजलं पाहिजे."

"हां, ध्यानात ठेवतो."

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. धाकूला कळत नसलं तरी तुम्हाला कळतं, एवढाच तुमच्यात आणि त्याच्यात फरक. त्याने शिरगावकरांच्या कपाटातला सगळ्यात धिप्पाड कॅमेरा मागितला, दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि गदगदा हलवला.

"पाणी वाजत नाही," तो म्हणाला.

शिरगावकरांनी तो काढून घेतला. त्यांनी स्वतःच एक छोटा, हलका, शिकाऊ माणसाचा मिररलेस कॅमेरा निवडला, त्याची बॅटरी भरली, तो डब्यात घातला आणि डबा पिशवीत.

"हा घ्या. तुमच्यासाठी हाच बरोबर आहे. चालू करून हे बटण दाबायचं, बाकी सगळं तो करतो. आणि मांडवकर, पुन्हा येऊ नका."

"हां, ध्यानात ठेवतो," धाकू म्हणाला. ते मात्र त्याने बरोबर जागी ठेवलं, तो पुन्हा गेला नाही.

अशा रीतीने करंबेळ्यात योग्य कॅमेरा आला. निवड चुकली नाही, कारण ती धाकूने केली नव्हती.

भेटीला चार दिवस होते. परसातल्या काजूला वर्षाची पहिली बोंडं पिकली आणि धाकूने ती झाडाखालीच उभं राहून खाल्ली. हात चिकट घेऊन घरात आला. आत्या खाटेवरून ओरडली, "उष्टावलंस ना! अरे, घरातलं पहिलं जे काही असेल ते देवीचं असतं. पहिलं बोंड, पहिली कैरी, पहिलं भात. तिच्या पायाशी ठेवायचं, हात जोडायचे. आणि दिलेलं परत मागायचं नाही. मग पुढचं आपलं."

"हां, ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी आत्या म्हणाली, "माझा एक फोटो काढून बघ तरी. हात बसेल तुझा."

"नाही आत्या. पहिला फोटो देवीचा."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर शहाणं झालं, असं तिला वाटलं. चाळीस वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं, पण वाढवलं तिनेच.

भेटीचा दिवस उजाडला. नदीच्या वाळूत माणूस मावेना. ढोल असे वाजले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दोन्ही पालख्या नाचत नाचत समोरासमोर आल्या, दांडीला दांडी टेकली, दोघींचे चांदीचे मुखवटे एकमेकींकडे बघू लागले. सगळ्या लोकांनी डोळे मिटून हात जोडले. धाकू मानाने सगळ्यांत पुढे होता. त्यानेही भक्तीने डोळे मिटले, कॅमेरा छातीशी धरला आणि बटण दाबलं. एकदाच. देवीचा फोटो एकच पुरे, हाव कशाला?

त्या रात्री आत्या जागीच होती. उशी पाठीशी घेऊन, चष्मा पुसून बसली होती. धाकू गुलाल माखून आला. "झाली भेट?" आत्याने विचारलं. "झाली." "फोटो निघाला?" "निघाला." "दाखव."

"तो देवीपाशी आहे," धाकू म्हणाला. "पहिला फोटो ना. पायाशी ठेवला."

"फोटो कसा ठेवलास?"

"फोटो कॅमेऱ्यात होता. कॅमेरा ठेवला. ओटीत."

आत्याने चष्मा काढून ठेवला. ओटी कुठे जाते हे तिला धाकूपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सकाळी गावकी जमली. चार शहाणी माणसं होडीने तळवटला गेली. तळवटच्या गुरवाने चहा पाजला आणि म्हणाला, "थोरल्या बहिणीने धाकटीला दिलेलं परत मागता? कुलूप लागलंय. बारा वर्षांनी या." चार शहाणी माणसं चहा पिऊन परत आली. वर गावकर म्हणाले, "रीतीप्रमाणे बघितलं तर धाकूचं काही चुकलेलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. चिठ्ठीत हेच घर कसं निघालं, याचा उलगडा मला तेव्हा झाला. कुठलंही निघालं असतं तरी चाललं असतं.

आत्या दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि तिने पेज मागितली. मग डॉक्टरांची गोळी मागितली, जी ती महिनाभर टाळत होती. मग म्हणाली, "काठी आण. चालायला शिकते."

"कशाला?"

"बारा वर्षं काढायचीत मला. एक्क्याण्णव होतील. होऊ देत. माझी आजी चौऱ्याण्णवपर्यंत होती. पेटारा उघडेल तेव्हा तो फोटो मी बघणार, त्याशिवाय मरत नाही."

आणि म्हातारी खरोखर उभी राहिली. भिंत धरून चार पावलं चालली. धाकूचाही चेहरा फुलला. दारापर्यंत जाऊन आत्या थांबली आणि मागे वळली.

"धाकू, फोटो नीट आलाय ना रे? खराब तर नाही होणार इतकी वर्षं?"

"छे!" धाकू म्हणाला. "शिरगावकरांनी सांगितलेलं सगळं ध्यानात होतं माझ्या. धुळीचा कण बसला नसेल. काचेवरचं झाकण मी एकदाही काढलं नाही."