दुधाच्या दातांची पारख

फार फार पूर्वी, बैल बोलायचे आणि माणसं निदान ऐकून तरी घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा गुळव्या होता. त्याच्या हातचा गूळ म्हणजे काय सांगू! राजाच्या मुदपाकखान्यातही दुसरा गूळ चालत नसे.

त्या गावची एक रीत होती. हंगामाचा पहिला ऊस दुधाचे दात असलेल्या मुलानं दातांनी सोलायचा, मगच रसाचा चरक फिरायचा. सोलणाऱ्या मुलाची सजवलेल्या गाडीतून वाजतगाजत मिरवणूक निघायची. यंदाचा मान सटवाजीच्या चार वर्षांच्या साळूचा होता. "मी गाडीत बसणार, मी गाडीत बसणार!" म्हणत ती घरभर नाचत होती.

सटवाजीचा लेकीवर भारी जीव. रात्री ती किरकिरली की तो काकवीत बोट बुडवून तिच्या तोंडात द्यायचा. ते गोड बोट चोखत साळू झोपी जायची. बायको म्हणायची, "अहो, पोरीच्या दातांवर काळे ठिपके दिसतायत."

तो हसण्यावारी न्यायचा. "अगं, दुधाचेच दात ते! आज ना उद्या पडायचेच."

हंगामाचा दिवस उजाडला. हलगी कडाडली. साळूनं ऊस तोंडाला लावला, जोर केला आणि "आई गं!" म्हणून जी रडायला लागली, ती थांबेचना. गाल धरून ती बापाला बिलगली. मान शेजारच्या मुलाला द्यावा, तर तोही तसाच कळवळला, कारण काकवीचं बोट गावात घरोघर चालायचं. शेवटी दोनच दात उरलेल्या एका आजोबांनी कसाबसा ऊस सोलला. लोक पोट धरून हसले. साळू मात्र रिकाम्या गाडीकडे बघत हुंदके देत राहिली.

सटवाजी चरकापाशी डोकं धरून बसला. तिथं जुंपलेला पोवळ्या बैल म्हणाला, "धनी, मला बाजारातून आणलंत तेव्हा काय केलंत, आठवतं?"

"काय केलं?"

"माझा जबडा फाकवून दात न् दात पाहिलात. तुमच्या मिशा माझ्या नाकात गेल्या, तरी हटला नाहीत!"

"मग? दात न बघता कुणी बैल घेतो काय?"

"आणि पोरीच्या तोंडात कधी डोकावलात?"

सटवाजी उगाच चरकात अडकलेली चिपाडं काढू लागला.

"रोज गूळ काढून झाला की काहील घासून लख्ख करता. का?"

"तशीच ठेवली तर आंबेल ना रे! मुंग्या लागतील."

"आणि पोरीचं तोंड रात्रभर काकवीनं बरबटलेलं! दुधाचे दात पडतात, खरंय. पण पडेपर्यंत नव्या दातांची जागा तेच राखतात की!"

सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं साळूला तडक वैद्याकडे नेलं. वैद्यानं एक किडकी दाढ काढली. "बाकीचे जपलेस तर वाचतील," तो म्हणाला.

त्या दिवसापासून काकवीचं बोट बंद. गूळ खायचा तो दिवसा, जेवणाबरोबर. रात्री सटवाजी बोटाला मऊ ओलं फडकं गुंडाळायचा आणि लेकीचे दात पार दाढांपर्यंत पुसून काढायचा. ती मुद्दाम बोट चावायची, तो "मेलो, मेलो!" करायचा आणि दोघंही हसत सुटायची. गावानं हे पाहिलं. मग घरोघर निजायच्या वेळी एकच गलका, "आ कर! अरे, अजून मोठा आ कर!"

वर्ष सरलं. गावानं हुकलेला मान पुन्हा साळूलाच दिला. हलगी वाजली, तिनं ऊस उचलला. सटवाजीनं भीतीनं डोळेच मिटले.

कर्रर्र! सालाची लांब पट्टी सुटली, रस हनुवटीवरून ओघळला.

"बाबा, दुखलं नाही! मुळीच दुखलं नाही!"

सटवाजीला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. मिरवणुकीत तो गाडीपुढे असा नाचला, असा नाचला, की त्या दिवशी गुळाची काहील दुपारपर्यंत चुलाणावर चढलीच नाही.

तात्पर्य: दुधाचे दात पडणारे असले तरी जपावेच लागतात, आणि ते जपणं लेकराचं नव्हे, आईबापाचं काम असतं.