हवालदारांची मान

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात चौऱ्याण्णव वर्षांचे एक हवालदार राहत होते. त्यांचं नाव भिकोबा शेडगे. अठराव्या वर्षी ते फौजेत गेले, तोफखान्यात. दोन लढाया पाहून परतले आणि पुढची साठ वर्षं त्यांनी ज्वारी आणि घेवडा पिकवला. गावात त्यांच्याइतकं वय कुणाचंच नव्हतं.

तोफांनी त्यांचे कान खाल्ले होते. आधी कमी ऐकू यायचं, मग पार बंद झालं. बायको होती तोवर ती खुणांनी सांगायची. बारा वर्षांपूर्वी ती गेली आणि हवालदार एकटे पडले. चारचौघांत ‘काय? काय म्हणालात?’ असं विचारायची त्यांना लाज वाटे. लढाईत पाय रोवून उभा राहिलेला माणूस, पण एवढं कबूल करायला धजला नाही. त्यांनी एक युक्ती काढली. समोरच्याचे ओठ थांबले की मान डोलवायची आणि म्हणायचं, “बरोबर.”

त्या गावची एक रीत होती. चावडीवर काहीही ठरलं की शेवटी सर्वांत थोरल्या माणसाकडे पाहायचं. त्याने मान डोलवली की ठराव पक्का. मग कुणी ब्र काढायचा नाही. दत्तोबा पाटील बोलायचे, शिवाराकडे हात करायचे आणि हवालदारांकडे वळायचे. हवालदारांना वाटे, पेरणीचं विचारताहेत. “बरोबर,” ते म्हणत. गाव त्यांना मान देत होतं आणि त्यांची मान वापरत होतं.

त्यांची पणती नयना दहावी पास झाली. तालुक्याच्या कॉलेजचा फॉर्म तिने आणला होता, तो बापाने फाडून टाकला. “ठराव आहे,” एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून महिनाभर ती आबांशी, म्हणजे हवालदारांशी, बोलली नाही. आबांना ते कळलंही नाही.

एके सकाळी ती ओसरीवर येऊन उभी राहिली. डोळे लाल. ती काहीतरी बोलली. तिचे ओठ थांबले तसं हवालदारांनी हसून मान डोलवली. “बरोबर, बरोबर.”

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ती आत गेली, वही घेऊन आली आणि चार ओळी लिहून त्यांच्यापुढे धरली.

‘मी म्हणाले, आबा, तुम्ही माझा गळा कापलात. त्यावर तुम्ही “बरोबर” म्हणालात. तुम्हाला ऐकू येत नाही?’

“नाही,” हवालदार म्हणाले. “तुझी पणजी होती, तेव्हापासून.”

‘मग दहावीनंतर मुलींनी गावाबाहेर शिकायला जायचं नाही, याला होकार कुणी दिला?’

“कुणी?”

‘तुम्ही. आठ वर्षं झाली. माझ्याआधी आठ जणी घरी बसल्या.’ तिने पान उलटलं. ‘माळावर पालं ठोकून राहिलेल्या भटक्यांना विहिरीचं पाणी बंद. तेही तुम्हीच.’

पालांतल्या बायका आताशा रामराम घालत नाहीत, याचं त्यांना फार वाईट वाटे. लोक उर्मट झालेत, असं ते मनाशी म्हणत. त्या बायका कोसभरावरच्या ओढ्यावरून पाणी आणत होत्या.

अजूनही गप्प राहता आलं असतं. वही मिटली असती तर गावात कुणाला काही कळलं नसतं. हवालदारांनी काठी घेतली. “चल माझ्याबरोबर. वही घे.”

चावडीवर सगळे म्हातारे जमले होते. हवालदार उभे राहिले. “मंडळी, मी ठार बहिरा आहे. बारा वर्षांत तुम्ही मला काय विचारलंत, ते मला ठाऊक नाही. माझे सगळे होकार खोटे होते. ते मी परत घेतो.”

त्यांना वाटलं, आता गलका उडेल. कुणीही दचकलं नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाटील हसून काहीतरी म्हणाले. नयनाची पेन्सिल जागीच थांबली.

“लिही,” हवालदार म्हणाले.

तिने लिहिलं. ‘पाटील म्हणतात, ते आम्हाला केव्हाचंच ठाऊक आहे, हवालदार. ऐकू येणारा म्हातारा घेऊन काय करायचंय? तो नाही म्हणाला असता तर?’

हवालदारांनी ती ओळ तीनदा वाचली.

“सर्वांत थोरला अजून मीच ना?” त्यांनी विचारलं.

ते कुणाला नाकारता येईना.

“मग तुमच्याच रीतीने सांगतो. पोरी शिकायला जातील. विहीर आजपासून सगळ्यांची. आणि या दोन्हींना मी मान डोलवतो. हे मात्र समजून उमजून.”

कुणी ब्र काढला नाही. ती रीतच होती.

दुपारी त्यांनी विहिरीची वाट अडवायला टाकलेल्या बाभळीच्या काट्या स्वतः ओढून काढल्या. दोन्ही हात रक्ताळले. दुसऱ्या दिवशी नयना नवा फॉर्म आणायला तालुक्याला निघाली, तेव्हा ते तिला एसटीपर्यंत सोडायला निघाले. त्या आठ जणींची वर्षं मात्र आता कुणाच्याही मानेने परत येणार नव्हती. त्यांतली एक उंबऱ्यात पोर काखेला घेऊन उभी होती. हवालदारांना तिच्याकडे पाहवलं नाही.

वाटेत पाटील आडवे आले. दोघं वळसा घालून पुढे गेली, तरी हातवारे करत ते मागून बराच वेळ ओरडत राहिले. नयनाने वही उघडली नाही. हवालदारही थांबले नाहीत.

तात्पर्य: जे ऐकलंच नाही त्याला होकार देऊ नये, आणि ज्याचं ऐकायचंच नाही त्याला मान दिल्याचं सोंग करू नये.