हरणाऱ्याचं पाऊल

“आता कोणतं पाऊल राहिलं माझं, सर?” ओजसने विचारलं.

शिरगावकर सर लाकडी तलवार पुसत होते. तरुणपणी ते जपानात नोकरीला होते, तिथे ही तलवारीची विद्या शिकले. आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शिकवतात. मी वाळलेले कपडे काढायला गेले होते. तशी मी रोज नेमकी याच वेळेला जाते.

“डावीकडे तिरकं येतं, उजवीकडे येतं, मागे सरकून येतं,” ओजस म्हणाला. “तुम्ही वार करता, मी चुकवतो आणि माझी तलवार तुमच्या मनगटावर. दरवेळी. नव्या मुलांचा वर्ग आता मला द्या.”

सर तलवार पुसतच राहिले.

मला राहवलं नाही. “खरंच सर, रोज बघते. रोज तुम्हीच हरता हो?”

“जोडीच्या सरावात वार करणारा गुरू असतो, कुंदाताई. हरतोही तोच.”

त्यांनी तलवार माझ्या हातात दिली. “धरा समोर. ओजस, आज वार तू कर. यांना जिंकू दे.”

“काकूंना?”

“हो.”

मी चपला काढल्या, पदर खोचला. ओजस असं लांब, देखणं पाऊल टाकत आला की मी तलवारीसकट पाण्याच्या टाकीमागे.

“काकू, पळायचं नसतं. उजवीकडे व्हायचं.”

“अरे, तू असा अंगावर आल्यावर उजवं कुठलं ते सुचतं का?”

पुन्हा केलं. मी डोळेच मिटले. त्याची तलवार माझ्या खांद्याशी येऊन थांबली.

“सर, यांना एकही पाऊल येत नाही. मी हरू कसा?”

सरांनी त्याची तलवार घेतली. माझ्या पायांकडे बघितलं... मग आले. सावकाश, माझ्या पावलाएवढंच पाऊल टाकत. मला एक बाजू मोकळी दिसली, तिकडे सरकले. बघते तर माझी तलवार त्यांच्या मनगटावर.

“अगं बाई. जिंकले की मी.”

ओजस माझ्या पायांकडे बघतच राहिला. “काकू, हे पाऊल कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कुणी नाही. जागा होती, गेले.”

मग तो हळूच म्हणाला, “सर, आणि वर्ग?”

सर हसत माझ्याकडे वळले.

“कुंदाताई, उद्यापासून कपडे काढायला जरा लवकर या. वर्गाआधी याला तुमच्याकडून हरायला शिकायचंय.”