पहिल्या घाण्याचा पाव

युरोपातल्या उंच डोंगरांत एकदा एक लहानसे गाव नांदत होते. साऱ्या गावात मिळून एकच दगडी भट्टी. ती वर्षातून दोनदाच पेटे. राय नावाच्या धान्याचे पाव प्रत्येक घर तेव्हाच भाजून घेई आणि वाळवून सहा महिने पुरवी. पाव बिघडला, तर सहा महिने तोच चावत बसायचे.

भट्टी सांभाळणारे आजोबा साऱ्या खोऱ्यात नावाजलेले. त्यांची शिष्या उर्सिना तीन वर्षे त्यांच्या हाताखाली शिकत होती. एक कोडे तिला काही सुटेना. आजोबा सगळ्यांचे पाव सुरेख भाजत. त्यांच्या घरचा पाव मात्र दर खेपेला तळाशी करपलेला आणि आत कच्चा.

"असं का हो, आजोबा?" ती विचारी.

"माझ्या दातांना सवय आहे गं," म्हणून ते हसत.

त्या शरदात त्यांनी भट्टीचे लांब दांड्याचे फावडे तिच्या हाती दिले. "आजपासून भट्टी तुझी."

पाव भाजायला कोणाचा घाणा कितवा लागणार, हे थैलीतल्या लाकडी चकत्या काढून ठरे. त्या मोजताना उर्सिनाला दिसले, की पहिल्या क्रमांकाची चकती थैलीत नाहीच. ती कोनाड्यात वेगळी ठेवलेली. म्हणजे पहिला, करपणारा घाणा नशिबाने नव्हे, आजोबा दर वेळी मुद्दाम घेतात! एकदा तरी त्यांच्या ताटात चांगला पाव पडू दे, असे म्हणत तिने ती हळूच थैलीत टाकली.

कोनाडा रिकामा पाहून आजोबांनीही थैलीत हात घातला. त्यांना नववी आली, उर्सिना आणि तिच्या नवऱ्याच्या घराला सातवी. उर्सिना मनातून सुखावली.

पहिली निघाली बार्ब्लाच्या हाती. नवरा गेलेला, पदरी चार मुले, आणि सरपणाची जेमतेम एक मोळी. तिचा चेहरा उतरला.

"बार्ब्ला, यंदा कोळसा खा!" मागून कोणीतरी हसले.

आजोबांनी तिची चकती घेतली, आपली तिला दिली. मग उर्सिनाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, सहा महिने गार पडलेली भट्टी पहिल्या घाण्याला नुसते दगड तापवते. सरपण तिप्पट खाते, आणि आच कुठे जास्त, कुठे कमी. तरी तो घाणा कोणाला तरी लावावाच लागतो. तो नशिबावर सोडला, तर एखाद्या वर्षी नेमका ज्याला सोसत नाही त्याच्यावर जातो. भट्टी माझी होती, म्हणून पहिला घाणा माझा होता. एवढंच."

उर्सिनाने आजोबांच्या बोटांतली चकती काढून घेतली आणि आपली सातवी त्यांच्या हातावर ठेवली.

"भट्टी आता माझी आहे ना?"

ऐन हिवाळ्यात तिच्या नवऱ्याने वाळका पाव कुऱ्हाडीने फोडला, तळाचा कोळसा पाहिला आणि म्हणाला, "अगं, तीन वर्षं शिकत होतीस ना?"

"शिकले की," उर्सिना म्हणाली, आणि तिने करपलेला तुकडा दुधात बुडवला.