धाकूने आत्याची हाडं जपली

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा धाकू होता. 'जरा थांब' म्हटलं, की कोणी 'चल' म्हणेपर्यंत तो तिथेच उभा. एकदा दोन दिवस उभा होता.

त्याची भागीआत्या फुगडीत अख्ख्या गावाला भारी. पण तिचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडं ठिसूळ झालीत. कॅल्शियम कमी पडतंय. मी सांगेपर्यंत फुगडी बंद!"

आत्याच्या काळजात धस्स झालं. आठ दिवसांवर भाचीची, म्हणजे धाकूच्या बहिणीची, शेवंतीची हळद!

"घाबरू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जपानातल्या बायका बारीक मासे काट्यासकट खातात, तरी त्यांनाही कॅल्शियम कमीच पडतं. तुम्ही मासे खा, शेवग्याचा पाला खा, दूधही प्या."

"मी बघतो सगळं," धाकू म्हणाला.

आत्याच्या काळजात पुन्हा धस्स झालं.

पहिल्या दिवशी त्याने मांदेली आणली. मांस मांजरीला घातलं, काटे आत्याला वाढले.

"मेल्या, हे काय?"

"हाडांना काटेच लागतात ना, आत्ये?"

"अरे, काही काढायचं नाही! अख्खं शिजवायचं!"

"आधी सांगायचं ना!"

दुसऱ्या दिवशी त्याने शेवग्याची फांदी अख्खी शिजवली. आमटीत सुरवंट निघाला. आत्या अशी किंचाळली, की मांजर माडावर चढली.

"अरे, चाळणीत धरून धुवायचं! खाली जाईल ते जाऊ दे, वर राहील ते घ्यायचं!"

"आधी सांगायचं ना!"

तिसऱ्या दिवशी त्याने दूध चाळणीत ओतलं. वरून तीन तांबे पाणी. चाळणीत एक माशी राहिली. ती त्याने वाटीत घालून वाढली.

आत्या रडकुंडीला आली. "मोलाची वस्तू जपावी रे! मासळी कशी जपतोस? मीठ चोळून, उन्हात घालून, वर जाळं टाकून, परतून परतून!"

"हां, आत्ता कळलं."

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्यांना रोज कोवळ्या उन्हात बसव. आणि जप हो त्यांना."

धाकू हसला. या वेळी त्याला सगळं आधीच सांगून झालं होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तर आत्या अंगणात बांबूच्या ताटीवर, जाळ्याखाली. धाकू काठीने कावळे हाकतोय. फुगडीच्या आशेने आत्याने मीठसुद्धा चोळून घेतलं होतं. पण धाकूने परतायला घेतलं मात्र, ती जाळ्यासकट उठली.

"थांब, मुडद्या!"

धाकू थांबला. आत्याने हिसकावलेली काठी पाठीत बसली तसा पळाला. आत्या मागोमाग. विहिरीभोवती तीन फेऱ्या!

"अगंबाई, पळतायत की!" डॉक्टरीणबाईंनी तिचे गुडघे चाचपले. "खेळा फुगडी. खरं तर गावातल्या सगळ्याच बायकांना असं ऊन मिळायला हवं."

धाकूने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आत्या नऊवारी नेसून मांडवात आली. वाजंत्री वाजतायत, हळद वाटून तयार, आणि बाई एक नाही! फुगडी खेळायची कुणाशी? धावत खाडीवर गेली, तर आत्यासारखे गुडघे हवेत म्हणून वाळूत जाळ्यांखाली ओळीने निजलेल्या सगळ्या बायका.

"ओरडू नकोस, आत्ये. एक बाजू झालीय."

"अरे पण शेवंती? तिला हळद लावायचीय!"

पहिल्याच जाळ्याखाली नवरी शिंकली. धाकूने कपाळावर हात मारला.

"मी नुसतं मीठच लावलं! हळद पण लावायची, हे आधी सांगायचं ना!"