बारा खुणा

एकदा एका निवृत्त शिक्षकांना आपल्याच दोन शिष्यांच्या मधे उभं राहण्याची वेळ आली. एक शिष्य विकणारा होता, दुसरा घेणारा. सांगायला ही गोष्ट लहान आहे, पण सांगून झाली की तोंड कडू होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मुळीक सरांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. त्यांचा एक नियम होता. पहिल्या आठवड्यात कोणाच्याही हाती पाना मिळत नसे. मिळे तो खडू. आमच्या घाटांत गाडीचा कोणता भाग आधी जातो, कोणता नंतर, त्या क्रमाने जुन्या जीपवर एक ते बारा आकडे घालायचे. याला मुलं ‘बारा खुणा’ म्हणत. त्या तोंडपाठ झाल्याखेरीज पुढचा धडा नाही. चुकला की खडू खिशात घालून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या खुणेपासून.

त्याच वर्गातला भानुदास पुढे पाटबंधारे खात्यात कारकून झाला. वीस वर्षं फायली हलवल्या, हात स्वच्छ राहिले आणि बारा खुणा कधीच पुसल्या गेल्या. त्याच्या पत्नीची, कमलची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला घाटापलीकडे जिल्ह्याच्या गावी डायलिसिसला न्यावं लागे. मागच्या महिन्यात भाड्याची जीप ऐन घाटात बंद पडली. तीन तास. कमलला धाप लागली, पाय सुजले, ओठ निळे पडू लागले आणि भानुदास रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात जोडत राहिला. त्या दिवशी त्याने ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची. जुनी का होईना.

जुन्या गाड्यांचं दुकान शशिकांतचं होतं. शशिकांत त्याच वर्गातला, आणि बारा खुणांत पहिला आलेला. दुकानात शिरताच समोर मुळीक सरांचा फोटो, फोटोला ताजा हार. सर हयात असताना हार का, असं कोणी विचारलं तर शशिकांत हात जोडून म्हणे, “आमचे दैवत आहेत ते.” दर गुरुपौर्णिमेला तो शाल-श्रीफळ घेऊन सरांच्या दारात हजर असे.

भानुदासने गाडी पाहिली, आवडली. मग शशिकांतने टेबलाच्या खणातून एक गुळगुळीत कागद काढला.

“भानू, गाडी ठणठणीत आहे. पण वहिनींना घेऊन जाणार तू. वर्षभराची वॉरंटी घेऊन टाक, आमच्या दुकानाची स्वतःची आहे. घाटात काही झालं तर एक फोन, बाकी सगळं माझ्यावर. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगतोय. परका असतास तर आग्रह केला नसता.”

वॉरंटीची रक्कम ऐकून भानुदासने मनातल्या मनात हिशेब मांडला. ती दिली तर हाताशी काहीच उरत नव्हतं. नाही दिली तर डोळ्यांसमोर तो घाट आणि कमलचे ओठ. त्याने एक दिवसाची मुदत मागितली आणि थेट सरांचं घर गाठलं.

“सर, घेऊ की नको, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

सर उठले. कोनाड्यातून खडू काढून खिशात टाकला आणि पायात चपला सरकवल्या.

दुकानात शशिकांतने सरांना पाहताच लवून नमस्कार केला, खुर्ची पुढे ओढली, चहा मागवला. सर बसले नाहीत. भानुदासने कागद पुढे केला, तर तोही घेतला नाही.

“मिटून ठेव,” ते म्हणाले. “आणि बॉनेट उघडा.”

मग त्या वृद्ध माणसाने गाडीभोवती सावकाश फिरत खुणा घालायला सुरुवात केली. क्लचपाशी एक. रेडिएटरच्या पाइपवर दोन. फॅन बेल्टशेजारी तीन. वाकून चाकाजवळ चार. भानुदासला काही कळेना. गिऱ्हाईक म्हणून आपण आलो आहोत की वर्गात बसलो आहोत, असं त्याला वाटलं. शशिकांतने मात्र पहिल्याच खुणेला ओळखलं होतं.

बारावी खूण घालून सर कंबर धरून उभे राहिले.

“आता वाच. काय काय देणार नाही, तेवढंच वाच. मोठ्याने.”

कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत यादी होती. भानुदास वाचू लागला. “एक, क्लच प्लेट. दोन, रेडिएटर आणि त्याचे पाइप. तीन, सर्व प्रकारचे बेल्ट. चार, ब्रेकचे लायनर...”

पाचव्या आकड्याला त्याचा आवाज खाली आला. तो कागदाकडे बघे, गाडीकडे बघे. बारापर्यंत एकही खूण चुकली नव्हती. क्रमसुद्धा तोच.

“मग यात मिळणार काय?” त्याने विचारलं.

“जिथे खडू लागला नाही ते,” सर म्हणाले. “ते पंधरा वर्षं जात नाही. वॉरंटी एका वर्षाची आहे. भानुदास, तुला घाटाची भीती वाटते. ती भीती खरी आहे, तिची लाज वाटून घेऊ नकोस. पण ती याला दिसली, आणि याने तुझ्याच भीतीला किंमत लावून ती तुझ्या गळ्यात मारायला काढली. गाडी घे, गाडी वाईट नाही. कागद परत कर. त्या पैशांत पहिले चार भाग नवे बसव. बाकीचे दर महिन्याला आपण दोघं मिळून बघू.”

शशिकांतला घाम फुटेल, तो पाया पडेल, असं भानुदासला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तो किंचित हसला.

“सर, सही तर गिऱ्हाईकं वाचूनच करतात ना? मी काही लपवलं नाही. आणि बघा, इतक्या वर्षांनी एकही खूण विसरलो नाही. तुमच्याकडे पहिला आलो होतो.”

भानुदासचा संताप अनावर झाला. “तो फोटो आधी खाली उतरव! कोणत्या तोंडाने लावलास रे?”

“राहू दे,” सर म्हणाले. “असू दे तिथे. याला येतं ते सगळं मीच शिकवलेलं आहे.”

गाडी घेऊन दोघं निघाले. घाटाचं पहिलं वळण दिसलं तेव्हा सरांनी विचारलं, “सांग, पाचवी खूण कोणती?”

भानुदासला सांगता आली नाही. आत्ताच वाचलेली, तरी सांगता आली नाही.

“तू विसरलास, म्हणून फसणार होतास. तो विसरला नाही, म्हणून फसवत होता,” सर म्हणाले. “एकतीस वर्षं मी काय आधी मोडतं ते घोकून घेतलं. ते कशासाठी माहीत असावं, हे मात्र एकदाही सांगितलं नाही. मला वाटायचं, ते काय सांगायचं असतं?”

त्यांनी खिशातला उरलेला खडू काढून डॅशबोर्डवर ठेवला. बोटांना लागलेली पूड ते घर येईपर्यंत रुमालाने पुसत होते. भानुदासने गाडी थांबवली, दार उघडून दिलं, आणि त्या दिवशी प्रथमच, नमस्कार करताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं त्याचं धाडस झालं नाही.